तिसरी दोरी

सासूबाई वारल्या आणि दोन भावांत वाटणी झाली. थोरल्या व्यंकोजींना नाचियारकोविलची पंचमुखी समई, चांदीचं पळी-पंचपात्र आणि घराण्याची वंशावळ मिळाली. धाकट्या स्वामीनाथाला तांब्याचा बंब मिळाला. तो गळत होता. स्वामीनाथाची बायको वसंता हिने काहीच मागितलं नव्हतं, म्हणून तिला सासूबाईंची सोवळ्याची काठी देण्यात आली.

बांबूची, सात हात लांब, टोकाला खाच, धरायच्या जागी घामाने तपकिरी झालेली काठी. सासूबाई चाळीस वर्षं त्या काठीने नऊवारी लुगडं छताजवळच्या दांडीवर चढवत आणि हात न लावता सुरकुती पडणार नाही असं पसरत. ही विद्या त्यांनी घरातल्या तिघांना शिकवली: दोन्ही मुलांना आणि वसंताला. थोरल्याने नोकरी लागताच ती सोडली. बँकेत तिचा उपयोग नव्हता.

आता त्या काठीने कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर पंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुधाच्या पिशव्या वाळत पडतात. इकडे पिशवीला कोणी पिशवी म्हणत नाही, कवर म्हणतात. दुधाचं कवर, पिठाचं कवर, विभूतीचं कवर. नऊशे घरांची कवरं रोज सकाळी तीनचाकीतून शेडमध्ये येतात आणि सात बायका ती निवडतात. त्यांतली मुख्य वसंता. कागदावर तिचा हुद्दा ‘मेस्त्री’, म्हणजे मुकादम, असा होता. हाक मात्र सगळे ‘मामी’ अशी मारत.

शेडमध्ये तीन दोऱ्या होत्या. पहिली छताखाली, सर्वांत उंच. जी घरं कवर नीट कापतात, कोपरा तोडून टाकत नाहीत, आतून धुतात आणि कोरडं करून देतात, त्यांचा माल पहिल्या दोरीवर. धुतात पण ओलं देतात, त्यांचा दुसऱ्या दोरीवर. आणि ज्यांच्यावर भरवसा नाही त्यांच्यासाठी नळाजवळची तिसरी. तिथला माल आधी पुन्हा धुवायचा, मग दोरीवर. घरांना बढती मिळे, तशी ती काढूनही घेतली जाई. या कारणावरून पेरुमाळ कोयिल रस्त्यावरच्या दोन शेजारणींचं बोलणं जूनपासून बंद होतं.

निवडणं कानाने चाले. कवर कानाजवळ नेऊन चुरगाळायचं. कुरकुरलं तर बिस्किटाच्या जातीचं, बाजूला ठेवायचं. गप्प राहिलं आणि ओढल्यावर लांबलं तर दुधाच्या जातीचं, हे वितळवून पाइप करणाऱ्या मिलचं. आतून चांदीसारखं चकाकलं तर चिप्सचं. चिप्सच्या कवराला कोणतीच जात घेत नाही. ते सिमेंटच्या भट्टीला जातं.

वसंताने शेडमध्ये सोवळं लावलंय अशी गावात बोलवा होती आणि ती खरी होती. फक्त ते माणसांना नव्हतं, कवरांना होतं. अलमेलूचा हात कोरडा असला तर तो पहिल्या दोरीला चालायचा, आणि वसंताचा स्वतःचा ओला असला तर चालायचा नाही. शेतमजुरीतून इथे आलेल्या अलमेलूने पहिल्याच आठवड्यात हे पारखलं होतं. मामीने चहाचा पेला धुतला आणि तशाच ओल्या हाताने दोरीला हात घातला, तेव्हा अलमेलू मोठ्याने म्हणाली, “मामी, तिसऱ्या दोरीवर जा.” वसंता गेली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

नवरात्राच्या आधी तालुक्याची समन्वयक दिव्यश्री स्कूटरवरून आली. तीस वर्षांची, एम्‌.एस्सी. झालेली मुलगी; हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागायची.

“मामी, तिरुचीची मिल पहिली गाडी घेतेय. सोळा गठ्ठे. माल पास झाला तर आजूबाजूच्या पाच गावांचं प्लास्टिक या शेडला.”

“आणि नाही झाला तर?”

“तर वरून ठरलंय. कंत्राटदार सगळं एकत्र भरून भट्टीला नेणार. निवडायचं कामच नाही. शेडमध्ये ब्लीचिंग पावडर ठेवतील.”

“आणि आम्ही सात जणी?”

दिव्यश्रीने तेव्हा हेल्मेट काढलं. तिच्याकडे उत्तर नसलं की ती तसं करी.

“होईल पास,” वसंता म्हणाली. “माझा माल सोवळ्याचा आहे.”

*

व्यंकोजी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर तंजावरला आले. लढाई कोणती, हे वंशावळीत नव्हतं. हुद्दा मात्र होता. स्वामीमलै रस्त्यावरच्या नव्या कॉलनीत त्यांनी दुमजली घर बांधलं होतं. पत्ता ते कुंभकोणमचा सांगत. घरपट्टी इन्नंबूरच्या पंचायतीत भरत आणि त्याबद्दल बोलत नसत.

नवरात्रात त्यांच्याकडे कोलू मांडलेला असे. नऊ पायऱ्या, दोनशे बाहुल्या. अष्टमीला हळदीकुंकू. बाहेर तमिळ बोलणारी माणसं त्या दिवशी दिवाणखान्यात घरची मराठी बोलत, आणि ती ऐकायला पुण्याहून आलेले एक प्राध्यापक एकदा रडले होते.

वसंता गेली. व्यंकोजींच्या बायकोने, श्रीलक्ष्मीने, तिला हात धुवायच्या बेसिनजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं.

“येथें बैस. येथें वारा बरा लागतो.”

वारा लागत नव्हता. बायका हात धुवायला येत, वसंताकडे बघून हसत आणि दोनदा साबण लावत. निघताना श्रीलक्ष्मीने नारळ, पान आणि हळकुंड घातलेलं कवर दोन बोटांत धरून तिच्या ओटीत वरूनच सोडलं.

वसंताने सवयीने ते कानाजवळ नेलं आणि चुरगाळलं.

“हें कुरकुरतें, अक्का,” ती म्हणाली. “दुधाच्यांत टाकूं नका. वेगळें ठेवा.”

व्यंकोजी सोफ्यावरून उठले. “वसंता, हें घर आहे. तुझी शेड नव्हे. आमच्या पूर्वजांनीं तलवार धरिली, आणि तूं लोकांचीं उष्टीं कवरें धरितेस. चार माणसें येतात येथें. पुढें येशील तर मागल्या दारें येत जा.”

“समोरचें दार मजला ठाऊक आहे, भावोजी. मागचें कोठें आहे तें कधीं पाहिलें नाहीं.”

ती समोरच्या दाराने गेली. रस्त्यावर येऊन नारळ हातात घेतला, कवराची घडी केली आणि कमरेला खोचली. बिस्किटाच्या जातीत एक वाढलं. बसथांब्यापर्यंत ती ताठ चालली. बसमध्ये जागा होती तरी उभी राहिली. स्टूल पुरे झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी इकडे माणूस ज्या हत्याराने खातो त्याला गंध लागतं: नांगराला, शिवणयंत्राला, रिक्षाला, न्हाव्याच्या कात्रीला. शेडमध्ये तराजू, तीनचाकी आणि गठ्ठे दाबायचं हाताचं यंत्र धुऊन ओळीने मांडलं होतं. यंत्र स्वामीनाथ चालवी. तीस वर्षं लग्नाच्या पंगती उठवलेला आचारी. गुडघे गेले, दंड शिल्लक होते. त्याने चुरमुरे, गूळ आणि फुटाणे आणले होते.

आणि एका बाजूला सोळा गठ्ठे. चार महिन्यांचा माल. दुधासारखे पांढरे, सुतळीने आवळलेले, कडा एका रेषेत.

वसंता त्यांच्याकडे बघत उभी राहिली. कालचं बेसिन तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मग तिने मोठ्या वाटीत हळद कालवली, चंदन उगाळलं, कुंकवाचा करंडा उघडला आणि एकेका गठ्ठ्याला चारही बाजूंनी हळदीचे पट्टे ओढले. त्यावर गंध. मधोमध रुपयाएवढं कुंकू. नवरीला लावतात तसं, हात आखडता न घेता. सुतळीत जास्वंद खोचली. वर चुरमुरे-गूळ उधळला.

“पुरे कीं,” स्वामीनाथ म्हणाला. “मिलला चाललेत, सासरीं नव्हे.”

“कोण्ही बेसिनजवळ बसवूं नये यांना,” वसंता म्हणाली.

स्वामीनाथाने काडेपेटी काढली. त्याने कापूर लावला. सात बायकांनी हात जोडले. फार देखणे दिसत होते गठ्ठे. अलमेलूने फोटो काढला. दोन दिवसांनी गाडी आली आणि नव्या नवरीसारखे सोळाच्या सोळा तिरुचीला गेले.

शनिवारी दुपारी गाडी परत आली. गठ्ठ्यांसकट.

*

मिलने माल परत पाठवताना सोबत माणूस पाठवला होता, एवढी सभ्यता दाखवली. सतीशकुमार त्याचं नाव. माल तपासायचं काम, खिशात पातं. आवाज इतका हळू, की तो मालाबद्दल न बोलता मयताबद्दल बोलतोय असं वाटावं. त्याने मूठ उघडली. तीन गठ्ठ्यांतला नमुना वितळवून काढलेले दाणे. दुधी असायला हवे होते. पिवळे होते आणि त्यांत लाल कण होते.

“मामी, हे काय आहे?”

वसंताने एक दाणा उचलला, उजेडाकडे धरला. तिला कळायला वेळ लागला नाही.

“कुंकू.”

“कशाला?”

“आयुधपूजा होती.”

“मिलमध्येही होती. आम्ही मशिनला लावतो. मालाला नाही लावत.” तो आणखी हळू झाला. “एका गठ्ठ्यात मुंग्या होत्या. गुळामुळे असतील.”

“कुंकवाला घाण म्हणतोस तू?”

“मी नाही म्हणत, मामी. मशीन म्हणतं.”

दिव्यश्री हेल्मेट हातात घेऊन उभी होती. बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. ज्या शेडमध्ये ओला हात चालत नाही, तिथे मामीने स्वतःच्या हाताने सोळा गठ्ठे बाटवले होते, आणि हे वाक्य कोणी म्हटलं नाही तरी सगळ्यांना ऐकू आलं.

“चूक माझी,” वसंता म्हणाली. “शेडची नाही. तसं लिहा.”

“लिहून काय होणार, मामी?”

“पुन्हा तपासा. किती दिवस देता?”

दिव्यश्रीने सतीशकुमारकडे पाहिलं. तो खिशातल्या पात्याशी खेळत म्हणाला, “शुक्रवारी मी या बाजूला येतोय. इथेच बघेन. पण आता एकदाच.”

तो गेला आणि अर्ध्या तासात पाऊस लागला. तुला महिना, म्हणजे इकडचा ऐप्पसी, लागला होता. या महिन्यातला पाऊस पडून मोकळा होत नाही. तो घरच्यासारखा येऊन बसतो.

*

रविवारी सकाळी सातही जणी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं.

सुतळ्या कापल्या. चार महिन्यांची मेहनत फुगून शेडभर झाली. ज्यांना हळद लागली नव्हती ती आतली कवरं एका बाजूला, वरची दुसऱ्या बाजूला. मधली, नुसता वास आलेली, तिसऱ्या ढिगात. चुरमुरे एकेक वेचले. वाकून वाकून अलमेलूची कंबर धरली. ती उभी राही, दोन्ही मुठी पाठीत दाबी आणि पुन्हा बसे. चार महिन्यांच्या दुधाचा आंबूस वास लुगड्यांत शिरला, तो घरी गेल्यावरही निघेना.

दुपारी डागाची कवरं धुवायला घेतली. वसंताने टाकीत धुण्याचा सोडा टाकला, ढवळलं आणि पहिली पाटी आत सोडली. पाणी लालभडक झालं.

बायका मागे सरल्या. एकीने “मुरुगा!” म्हटलं.

अलमेलू वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “मामी, आपण आळत्ती केली.”

लग्नात नवरानवरीवरून ओवाळून टाकायचं लाल पाणी हळदीत चुना घालूनच करतात. सोड्यानेही तेच होतं. पाचशे लिटर झालं होतं. एवढ्यात जिल्ह्यातली सगळी लग्नं निघाली असती. आधी अलमेलू हसली, मग सगळ्याच, आणि शनिवारपासून पहिल्यांदा वसंताही हसली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “ओवाळा त्या सतीशकुमारवरून.”

स्वामीनाथला बोलावलं. हळदीशी त्याचा तीस वर्षांचा संबंध. त्याने हात घालून पाहिलं. “चिंचेचें पाणी घाला. लाल जाईल.”

“आणि पिवळें?”

“पिवळें उन्हानें जातें. दुसरें औषध नाहीं.”

सगळ्यांनी बाहेर पाहिलं. ऊन नव्हतं. ते कधी येईल, हे सांगणारंही कोणी नव्हतं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. चिंचेच्या पाण्याने लाल गेलं, पिवळं राहिलं. बोटांची टोकं पांढरी होऊन सुरकुतली. कवराची धार लागून नखाच्या कडेला चिरा पडल्या, त्यात चिंच झोंबे. मधला ढीग साध्या पाण्याने स्वच्छ झाला, पण वाळेना. दमट हवेत पहिल्या दोरीवरची कवरंसुद्धा टिपकत होती. मग स्वामीनाथ लंगडत लग्नाच्या कल्याणमंडपात गेला आणि मालक गोपालकृष्णाकडून पंगतीचे चार मोठे पंखे घेऊन आला. मंडपाचे पंखे उसने घ्यायला स्वामीनाथाला कागद लागत नसे. त्या मंडपातल्या चार हजार पंगती त्याच्या हातच्या होत्या.

पंखे लागले आणि तिन्ही दोऱ्यांवरची हजारो कवरं एकदम फडफडली. बोललेलं ऐकू येईना. त्या वाऱ्यात वसंता काठीने वरची कवरं उलटी करत फिरायची. खाचेत कोपरा धरायचा, उचलायचं, फिरवायचं, सोडायचं. हात न लावता. मान वर करून करून तिला रात्री उशी चालेना.

बुधवारी शेडसमोर व्यंकोजींची गाडी थांबली. काच अर्धी खाली आली.

“ऐकिलें, गाडी परत आली.”

“आली, भावोजी.”

“कुंभकोणमांत अस्क्यांना ठाऊक जाहलें, घरोघरीं तेंच. मीं तेव्हांच सांगितलें होतें. ज्याचें काम त्यानें करावें.”

“करितें आहें.”

“स्वामीनाथ काय म्हणतो?”

“पंखा पुसतो आहे. भावोजी, कांच वर करा, पाऊस आंत येतो.”

काच वर गेली. अलमेलूने विचारलं, “काय म्हणत होते?”

“चौकशी करत होते.”

*

गुरुवारी संध्याकाळी हिशेब स्पष्ट झाला. सगळं स्वच्छ, कोरडं, पांढरं. फक्त तीन पाट्या पिवळ्या. त्या निघाल्या नव्हत्या आणि उद्यापर्यंत निघणार नव्हत्या.

बायका हातपाय धुवायला गेल्यावर स्वामीनाथ यंत्राशेजारी बसला. गुडघ्यावर तेल चोळत म्हणाला, “एक सांगूं?”

“सांगा.”

“सोळा गठ्ठे. एकेकाच्या पोटांत दोन दोन मुठी घातल्या, तर कोण पाहतो? पंगतींत भात कच्चा राहिला तर आम्ही मधें वाढायचों. दोन्ही टोकांना बरा भात. कोण्ही उठून गेला नाहीं.”

वसंता काठी पुसत होती.

“सात घरांचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “तुझ्या मानाचा नव्हे.”

हे खरं होतं, म्हणून लागलं. पिवळ्या पाट्या समोर होत्या. दोन दोन मुठी. दाबून टाकलं की यंत्र कुणाचं नाव सांगत नाही. ती पाटीजवळ गेली, मूठभर कवरं उचलली, कानाजवळ नेली. गप्प होती. उत्तम माल. नुसता पिवळा.

“तो सतीशकुमार गठ्ठ्याचें पोटच कापतो,” ती म्हणाली.

“सोळाही पोटें कापणार नाहीं.”

“नाहीं कापणार.” तिने कवरं परत पाटीत टाकली. “म्हणूनच नको. तीन कापील, बरें म्हणेल, आणि पुढें जन्मभर मजला ठाऊक कीं उरलेल्या तेरांत काय होतें. दोरी कायला बांधिली मग?”

अलमेलू दारात उभी होती. तमिळखेरीज तिला काही येत नव्हतं, पण कवरं कुणाच्या हातात होती आणि परत कुठे टाकली गेली, हे तिने पाहिलं होतं. ती आत आली, पाट्या उचलल्या, एका वेगळ्या गोणीत भरल्या आणि तोंड शिवायला सुई-दोरा घेतला.

“काय लिहायचं, मामी, वर?”

“जे आहे ते. हळद लागलेली.”

*

शुक्रवारी सतीशकुमार आला. सोबत दिव्यश्री, आज आधीच हेल्मेट काढून. पाऊस थांबला नव्हता. सतीशकुमार चिखलाच्या बुटांनी उंबऱ्यात पाय घालणार, तोच सात हात लांब काठी आडवी आली.

“बूट बाहेर,” वसंता म्हणाली. “पाय धुवा. हात धुवा. पुसा. मग आत.”

दिव्यश्रीने डोळे मिटले. ज्याच्या एका शब्दावर शेड अवलंबून होती, त्याला देवळासारखं नळावर पाठवलं होतं. सतीशकुमारने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्याने मोजे काढून बुटात खोचले, पँट वर दुमडली आणि नळावर गेला. परत आला तेव्हा त्याने दोन्ही तळहात पुढे केले. अलमेलूने बघून मान हलवली.

नवे बांधलेले सोळा गठ्ठे. गंध नाही, फूल नाही. त्याने चौथा निवडला, मग अकरावा, मग अगदी भिंतीकडचा, जो ओढून काढायला दोघी लागल्या. पातं काढलं. सुतळी कापायची सोडून गठ्ठ्याच्या पोटात पातं खुपसलं, हात कोपरापर्यंत घातला आणि मूठभर बाहेर काढलं. वास घेतला. गालाला लावलं. ओलावा मोजायची छोटी पेटी टेकवली, आकडा पाहिला, पेटी झटकली, पुन्हा टेकवली. तिन्ही गठ्ठ्यांत तसंच. शेडमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता.

मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या गोणीकडे गेलं.

“ते काय?”

“वाचा.”

त्याने वाचलं. मग गोणीची शिवण चाचपली.

“हे आत घालता आलं असतं,” तो म्हणाला.

“आलं असतं.”

“बरेच जण घालतात. आम्हाला महिनाभराने कळतं, पाइप पिवळा आल्यावर.” त्याने पातं मिटवून खिशात ठेवलं. “गोणीही द्या. काळ्या पाइपला चालते.”

“आणि गठ्ठे?” दिव्यश्रीला राहवलं नाही.

“गठ्ठे काय, मॅडम? नऊ वर्षं हे काम करतोय. ज्या शेडमध्ये माझेच हात धुवायला लावले अशी ही पहिली.” त्याचा आवाज त्या दिवशी प्रथमच पंख्यांच्या वर गेला. “पास.”

बायकांनी आरडाओरडा केला. स्वामीनाथने यंत्राचा दांडा उगाचच एकदा दाबला. गाडी भरली. चालकाने निघताना चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कुंकवाची पुडी काढली, तेव्हा सातही जणी एकदम ओरडल्या. त्याने घाबरून कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं.

वसंता गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभी होती. पावसात, पदर न घेता. मग आत आली आणि पहिल्या दोरीवरची त्या दिवशीची कवरं उलटायला लागली.

*

पुढच्या महिन्यात पाच गावं आली. दोन बायका वाढल्या. आणि पंचायतीच्या हद्दीतल्या सगळ्या घरांनी कवर धुऊन, वाळवून शेडला द्यायचं, न देणाऱ्याचा कचरा उचलायचा नाही, असा ठराव झाला. हद्द कुठपर्यंत, हे ठरावात लिहिलं होतं. स्वामीमलै रस्त्यावरची कॉलनी आत येत होती.

कॉलनीने आठ दिवस वाट पाहिली. कचरा खरोखरच उचलला गेला नाही. नवव्या दिवशी सकाळी व्यंकोजी शेडच्या दारात आले. हातात मोठी पिशवी, दोन बोटांत धरलेली.

“वसंता, हें घे.”

वसंताने काठी पुढे केली, पिशवीचे कान खाचेत घेतले, उचलली, आणि उजेडात डोकावून पाहिलं. मग तशीच, हात न लावता, अलगद परत त्यांच्या बोटांत दिली.

“ओलें आहे, भावोजी. धुवून, वाळवून आणा.”

“येवढ्या पावसांत कोठें वाळवूं?”

“अस्के वाळवितात.”

व्यंकोजींनी इकडेतिकडे पाहिलं. दोऱ्यांवर एकाच वेळी दोनशे कवरं वाऱ्याने उलटत होती. नऊ बायकांपैकी एकीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्यांची नजर काठीवर थांबली. खाच, तपकिरी मूठ.

“ही आईची कीं?”

“होय.”

“मजला वाटलें, टाकून दिली असशील.”

वसंता पुढची कवरं उलटायला लागली. व्यंकोजी तरीही गेले नाहीत. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, नळावर जाऊन पाय धुतले, पिशवीतली कवरं एकेक करून धुतली, आणि धोतराला हात कोरडे केले. कोणी सांगितलं नव्हतं. हात पुढे केला. वसंताने काठी दिली.

पहिलं कवर पडलं. दुसरंही पडलं. दोन्ही उचलून त्यांनी पुन्हा धुतली. तिसऱ्याच्या वेळी त्यांचा डावा हात आपोआप मागे गेला, उजवा खाली सरकला, आणि कवर खाचेतून उठून, हवेत एकदा उघडून, दोरीवर बसलं. सुरकुती पडली नाही. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडावर नऊ वर्षांच्या मुलाचं समाधान आलं. त्यांनी पुढचं टाकलं. त्याच्या पुढचं. सतरा झाली. काठी परत करताना ते ताठ उभे होते. वंशावळीसोबत काढलेल्या फोटोत उभे आहेत त्यापेक्षा ताठ.

“पाहिलेंस? विसरलों नाहीं.”

वसंताने मान वर करून दोरी पाहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. व्यंकोजी वाट बघत होते. स्वामीनाथही दांडा धरून थांबला होता.

“बेस घातलींत,” ती म्हणाली. “पण ही पहिली दोरी, भावोजी. काढा तेथून. नळाजवळ तिसरी आहे, तिजवर घाला. आठ दिवस कोरडें आणिलेंत, तर दुसरी देईन.”

व्यंकोजींनी वर दोरीकडे पाहिलं. काठी परत हातात घेतली आणि पहिलं कवर, कोपऱ्याला धक्का न लावता, उतरवायला लागले.